कागदाच्या शेततळ्यात शिंगाडा येईल का?

सांगोल्याच्या एका शेतकऱ्याचा प्रश्न आहे. डाळिंबाची बाग, ३० बाय ३० मीटरचं शेततळं, आत ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद, भरलं की दहा फूट पाणी. पाणी उन्हाळ्यात बागेला लागतं, तोवर नुसतं पडून असतं. उपासाच्या दिवसांत शिंगाड्याच्या पिठाला भाव असतो, मग या पाण्यात शिंगाडा लावला तर? बी कुठं मिळेल, मासे सोबत चालतील का, आणि जलपर्णीसारखा पसरून डोक्याला ताप तर होणार नाही ना?

आधी उत्तर देतो, म्हणजे बी शोधायला निघाला असाल तर गाडीचं तेल वाचेल. कागदाच्या शेततळ्यात शिंगाडा लावू नका. हौस म्हणून लावायचा असेल तर त्याला वेगळी जागा करा, ती कशी ते खाली सांगतो. का लावू नका हे मात्र नीट सांगावं लागेल, कारण हा प्रश्न वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात आणि प्रत्येकाची समजूत एकच असते: शिंगाडा पाण्यात दिसतो, म्हणजे ते पाण्याचं पीक.

माझीही तीच समजूत होती. भंडारा-गोंदियाकडच्या तलावांवर मच्छीमार संस्थांबरोबर काम करायला लागलो त्याला आता पंचवीस वर्षं होतील. पहिल्याच पावसाळ्यात एका तलावाच्या पाळीवर उभा राहून मी वहीत पाण्याची खोली, रंग, पाणी किती गढूळ असलं काहीबाही टिपत होतो. शेजारी मच्छीमार ढिवर समाजातल्या एक आजी वेलांचा भारा सोडत होत्या. थोडा वेळ त्यांनी माझं टिपण चालू दिलं आणि मग म्हणाल्या, "पाणी नोको पाहू बाबू, गार पाह्य." तिकडच्या झाडीबोलीत ळ चा र होतो. गार म्हणजे गाळ. वही बाजूला ठेवून त्यांनी मला पाण्यात उतरवलं. घोट्यापर्यंत पाय मऊ, थंड चिखलात गेला तेव्हा म्हणाल्या, इथं येते. दहा पावलं पुढं मुरूम लागला, तिथं नाही म्हणाल्या. पाणी दोन्हीकडं तेवढंच होतं.

शिंगाड्याचा एक वेल हातात घेऊन बघितला की हे आणखी कळतं. वर पाण्यावर तरंगणारं पानांचं चक्र असतं. पानं पतंगाच्या आकाराची, बाहेरच्या कडांना करवतीसारखे दाते, वरून चकचकीत हिरवी, खालून तांबूस आणि लवदार. प्रत्येक देठाला मध्येच एक फुगवटा असतो. नखानं फोडला तर आत स्पंज लागतो, हवेनं भरलेला. याच फुग्यांच्या जोरावर अख्खं चक्र तरंगतं. त्याखाली दोरीसारखं खोड थेट तळापर्यंत जातं आणि पाणी चढेल तसं लांबत राहतं. खोडाच्या पेऱ्यापेऱ्याला हिरवी पिसं लोंबतात. ही मुळं की पानं, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांनी बरीच शाई खर्च केली आहे. ती पाण्यातून थोडंफार अन्न ओढतात आणि हिरवी असल्यानं थोडं स्वतः तयारही करतात. पण वेलाची खरी मुळं असतात गाळात. फळ भरायला जे लागतं ते बहुतेक तिथून येतं.

फूल पांढरं, चार पाकळ्यांचं, पाण्याच्या वर उमलतं. फळधारणा झाली की देठ खाली वाकतो आणि फळ पाण्याखाली वाढतं. त्यामुळं तोडायला जाणाऱ्याला फळ दिसत नाही, चक्र उलटं करून बघावं लागतं. आपल्याकडच्या फळाला दोन शिंगं, युरोपातल्या जातभाईंना चार. शास्त्रीय नाव ट्रापा. घोडदळाच्या वाटेत टाकायच्या लोखंडी गोखरूला लॅटिनमध्ये जो शब्द होता, त्यावरून ते आलं. अनवाणी पायाखाली जुनं, वाळलेलं फळ एकदा आलं की हे नाव जन्मात विसरत नाही. आपल्याकडं संस्कृतातही ते शृंगाटकच, शिंगांवरून. आणि एक गंमत तुमच्यासाठी: अलीकडच्या वर्गीकरणात शिंगाडा, मेंदी, ताम्हण आणि तुमचं डाळिंब ही सगळी एकाच कुळात मोडतात. म्हणजे भावकी तुमच्या बांधावरच आहे. पण भावकीतलं एक कोरड्या माळावर सुखी आणि दुसरं चिखलात सुखी, असंही असतं.

आता तो येतो कुठं ते बघा. महाराष्ट्रात शिंगाड्याचं घर म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, हा धानाचा पट्टा. इथले मालगुजारी तलाव कोहळी समाजानं, गोंड राजांच्या काळापासून, धानाला पाणी मिळावं म्हणून बांधले. विहिरीसारखे खणून केलेले हे तलाव नाहीत. उतार बघून एका बाजूला मातीची पाळ घातली आणि वरून येणारं पाणी अडवलं, एवढंच. त्यामुळं पाळीजवळ पाणी खोल आणि पाळीपासून दूर, पोटाकडं, अगदी उथळ. वरच्या जंगलातून पालापाचोळा आणि माती वाहून येते, ती पोटाकडं आधी बसते. हा दोन ते चार फूट पाण्याचा, मऊ गाळाचा, सावकाश उतरता पट्टा म्हणजे शिंगाड्याची जमीन. तलाव वीस एकरांचा असला तरी शिंगाडा त्या पट्ट्यातच. लहान तळ्याला तिकडं बोडी म्हणतात, तिच्यात तर काठापासून काठापर्यंत असतो.

तलावाचं वेळापत्रकही त्याच्या सोयीचं आहे. पाऊस पडेल तसं पाणी हळूहळू चढतं, वेल सोबत चढतो. ऑक्टोबरपासून धानाला शेवटची पाणी सुटतात, तशी पातळी उतरते आणि तोडा करणं सोपं होत जातं. जानेवारीपर्यंत वेल कुजून संपतो. शिंगाडा एका वर्षाचंच झाड आहे. सुटून पडलेली फळं गाळात बसतात आणि तिथूनच पुढच्या वर्षाची सुरुवात. मध्य प्रदेशात जबलपूर-सिहोऱ्याकडं, उत्तर प्रदेशात, बिहारमध्ये मखान्याच्या शेजारी आणि थेट काश्मीरच्या वुलर सरोवरात, सगळीकडं शिंगाडा आहे. हवामान वेगळं, भाषा वेगळी, पण संथ गोडं पाणी आणि खाली गाळ ही अट सगळीकडं तीच.

१९५१ साली मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले आणि पाळीकडं, पाटाकडं बघणारं घरचं कोणी उरलं नाही. बऱ्याच तलावांत बेशरम नावाचं तण माजलं. हल्ली गाळ काढण्याच्या योजना जोरात आहेत. त्यांना माझा विरोध नाही, शेतात तो गाळ सोन्यासारखा आहे. पण जेसीबीवाला जेव्हा तलावाचं पोट मुरमापर्यंत खरवडतो तेव्हा तिथं पुढची काही वर्षं शिंगाडा येत नाही, देवधान, म्हणजे रानटी भात, येत नाही, कमळ येत नाही, आणि काठाच्या वनस्पतींत अंडी घालणारे मासेही येत नाहीत. खोल भागातला काढा, पोटाकडचा एक पट्टा तरी सोडा, हे मी प्रत्येक बैठकीत सांगतो. पाणी किती साठलं हे मोजता येतं, म्हणून तेच मोजलं जातं.

लागवडीची रीत सांगतो, म्हणजे तुमच्या तळ्यात अडचण काय येते ते आपोआप दिसेल. जानेवारी-फेब्रुवारीत पक्की फळं लहान बोडीत टाकून रोपं करतात. जूनअखेरपर्यंत वेल मीटरभर लांब होतात. जुलैत तलावात फूट-दीड फूट पाणी आलं की वेल उपटून आणायचे, दोन-तीन वेल एकत्र धरून बुडाशी सैल गाठ मारायची आणि पाण्यात उभं राहून ती गाठ पायाच्या अंगठ्यानं गाळात दाबायची. हात खाली जातच नाही. बायका एका रांगेत उभ्या राहतात, अंगठा दाबला की एक पाऊल मागं, पुन्हा दाबला की पुन्हा मागं. साधारण मीटरभर अंतर पडतं. गाळ पुरेसा आहे की नाही हे त्या अंगठ्याला कळतं, त्याला माती परीक्षणाचा अहवाल लागत नाही.

आता तुमच्या शेततळ्याकडं वळू. तळाला कागद, त्यावर गाळ शून्य. कागदावर चार गाड्या माती टाकतो, असं काही जण म्हणतात. बाजूचा उतार इतका तीव्र असतो की माती घसरून तळाला जाते आणि तळावर दहा फूट पाणी. शिंगाड्याचा वेल तेवढा लांबतो, पण सगळी ताकद लांबण्यात जाते आणि फळ लहान राहतं. माती न टाकता नुसती खतं पाण्यात सोडावीत तर आधी शेवाळ येतं. शिवाय विहिरीचं किंवा कॅनॉलचं पाणी तुम्ही मोटार लावून एका रात्रीत चढवता, तेव्हा कोवळं चक्र पाण्याखाली जातं आणि सडतं.

दुसरं कारण ठिबक. डिसेंबर-जानेवारीत वेल कुजतो तेव्हा त्याचा लगदा होतो. तोच पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाशी गेला की सँड फिल्टर तासा-दोन तासांनी धुवत बसावं लागेल, आणि नेमकं पुढं बागेला पाण्याची गरज. पिकाचा नफा फिल्टर धुण्यात जाईल.

तिसरं कारण सगळ्यात मोठं आणि ते मी कधीच वगळत नाही. शिंगाडा तोडायला पाण्यात उतरावं लागतं. आमच्याकडं डोंग्यातून किंवा ट्रकच्या ट्यूबवर बसून तोडतात आणि बहुतेक ठिकाणी पाय तळाला टेकतात. कागदाच्या शेततळ्यात ओल्या प्लॅस्टिकवर पाय ठरत नाही, पोहता येणारा माणूसही काठाला येऊन वर चढू शकत नाही. अशा तळ्यांत बुडून माणसं गेल्याच्या बातम्या तुम्हीही वाचता. दर पंधरवड्याला मजुरांना त्यात उतरवायचं, तेही शिंगाड्यासाठी? मुळीच नको. शिंगाडा लावा न लावा, तळ्यात चारही बाजूंना गाठी मारलेले दोर आणि काठावर एक ट्यूब आजच ठेवा.

हिशोबही करून टाकू. चांगल्या तलावात हेक्टरी ८० ते १०० क्विंटल हिरवा माल निघतो. तो वाळवून, फोडून जो गोटा उरतो तो १७ ते २० क्विंटल. तुमचं तळं ९०० चौरस मीटर, म्हणजे हेक्टरच्या अकराव्या भागाएवढं. सगळं मनासारखं झालं तरी हिरवा माल सात ते नऊ क्विंटल आणि गोटा दीड-पावणेदोन क्विंटल. हा गोटा अडकित्त्यानं एकेक फळ फोडून काढावा लागतो, शिंगं बोटात घुसतात, आणि सांगोल्याला ते काम येणारी माणसं मिळणार नाहीत. पीठ महाग का असतं, हे त्या बायकांची बोटं बघितली की कळतं.

बियाण्याचं सांगतो, कारण इथं मी स्वतः तोंडावर आपटलो आहे. पहिल्या वर्षी उत्साहानं निवडक मोठी फळं घेतली, सावलीत नीट वाळवली, गोणीत भरली आणि चिठ्ठी लावून ठेवली. ज्वारीचं बी ठेवतात तशी. फेब्रुवारीत बोडीत टाकली. मार्च गेला, एप्रिल गेला, एकही कोंब नाही. आजींना दाखवलं तर त्या पदर तोंडाला लावून हसल्या. शिंगाड्याचं बी वाळलं की मेलं. पक्कं फळ माठात किंवा बादलीत पाण्याखालीच ठेवायचं, सावलीला, आणि पाणी आठवड्याला बदलायचं. म्हणून दुकानातून आणलेला सुका गोटा रुजत नाही आणि बाजारातला उकडलेला काळा शिंगाडा तर नाहीच नाही. ऑनलाइन कोणी 'शिंगाडा सीड्स' म्हणून कोरडं पाकीट विकत असेल तर ते पैसे पाण्यात गेले म्हणा, बी मात्र पाण्यात कधी नव्हतंच.

किडीत एकच नाव लक्षात ठेवायचं: शिंगाडा भुंगा. लहान, तपकिरी, पानावर पिवळी अंडी घालतो. अळी आणि भुंगा दोघंही पान खरवडतात, आठ दिवसांत पानाची जाळी होते. अंड्यांची पानं सुरुवातीलाच तोडून काठावर आणून पुरायची, एवढं वेळेवर केलं तर भागतं. तलावात औषध मारणं मी टाळतो. खाली मासे असतात आणि त्याच पाण्यावर गावची गुरं येतात.

माशांचं म्हणाल तर सोबत चालतात, पण सगळे नाही. पानांनी पाणी झाकलं की खाली उजेड कमी, प्राणवायू कमी. रोहू-कटल्याची वाढ तिथं मंदावते. मागूर आणि मरळ वर येऊन हवा घेतात, त्यांना फरक पडत नाही. गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, मात्र सोडू नका. तो पाण्यातली कोवळी वाढ खाऊन टाकतो. तुमच्या शेततळ्यात माझ्या मते नुसते मासे करा, शिंगाडा विसरा.

जलपर्णीची भीती अर्धी खरी आहे. जलपर्णीचं मूळ अधांतरी तरंगतं, ती वाऱ्यानं कुठंही जाते आणि वर्षानुवर्षं जिवंत राहते. शिंगाडा गाळात बांधलेला, एका वर्षाचा, आणि आमच्याकडं लोक तो शेवटच्या फळापर्यंत खातात, त्यामुळं डोईजड होत नाही. पण खाणारं कोणी नसलं की तोच शिंगाडा कसा वागतो ते अमेरिकेत दिसतं. १८७० च्या दशकात मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांत युरोपातला चार शिंगांचा प्रकार पोचला आणि आता ईशान्येकडच्या कितीतरी नद्या-तळी त्यानं झाकली आहेत. गाळातलं बी तिथं बारा वर्षांपर्यंत रुजल्याचं सांगतात. २०१४ साली व्हर्जिनियात दोन शिंगांचाही सापडला. तिकडं राहणाऱ्या कुणाला 'घरचा शिंगाडा' मागच्या तळ्यात लावावासा वाटत असेल तर कृपा करून लावू नका.

नावांचा घोळही निस्तरून टाकतो, कारण बियाणं मागवताना त्यात लोक फसतात. हॉटेलात चायनीज भाजीत कुरकुरीत पांढऱ्या चकत्या लागतात, त्यांनाही इंग्रजीत वॉटर चेस्टनटच म्हणतात. ते वेगळं झाड, नागरमोथ्याच्या कुळातलं, आणि आपण खातो तो त्याचा जमिनीतला कंद. कोकणातल्या माणसाला 'शिंगाडा' म्हटलं तर तो मासाच आणून देईल.

आता हौसेचं. घराजवळ सिमेंटचा उथळ हौद असेल, चार फूट रुंद आणि अडीच-तीन फूट खोल, तर त्यात तळाला आठ-दहा इंच काळी माती आणि कुजलेलं शेणखत मिसळून घाला. धरणाच्या काठचा गाळ मिळाला तर उत्तम. चार दिवस पाणी भरून मुरू द्या, मग वेल लावा. दिवसभर ऊन हवं. पाणी खारं असेल तर येणार नाही, सांगोल्याकडच्या बोअरचं पाणी लावण्याआधी तपासा. पावसाचं साठवलेलं असेल तर प्रश्नच नाही. एका हौदातून घरच्या दोन-तीन एकादश्या निघतील.

ताजा शिंगाडा तळ्याकाठी उभं राहून दातांनी सोलून खायची फार इच्छा होते. ती आवरा. ज्या पाण्यात डुकरं लोळतात तिथल्या शिंगाड्याच्या सालीवर आतड्यातल्या चपट्या कृमीच्या अळ्या चिकटलेल्या असू शकतात, आणि साल दातांनी काढली की त्या सरळ पोटात. धुऊन, उकडून खा. उकडल्यावर चवही चांगली लागते, नागपुराकडं दिवाळीच्या आसपास हातगाडीवर तेच घेतात.

बी हवं असेल तर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भंडाऱ्याकडं या. तेव्हा तिसरा-चौथा तोडा चालू असतो आणि वेलावरून आपोआप सुटणारी, काळपट पडलेली फळं मिळतात. हिरवी मोठी फळं दिसायला छान असतात पण ती कच्ची, ती घेऊ नका. येताना झाकणाचा डबा आणा, अर्धा पाण्यानं भरलेला, आणि परतीच्या प्रवासात तो एसटीच्या टपावर उन्हात ठेवू नका.